पहिली देणगी मिळते, दुसरी का येत नाही?



'संस्था काढायची की कंपनी?' हा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. "सर, ट्रस्टचं रजिस्ट्रेशन झालं, १२ए झालं, ८०जी पण मिळालं. आता देणगीदार कुठून आणायचे?" कुणी गावात अभ्यासिका चालवतंय, कुणी गोशाळा, कुणी बचत गटाच्या बायकांना शिलाई शिकवतंय. सेक्शन ८ कंपनी काढलेलेही चार-पाच जण आहेत.

मी प्रत्येकाला उलटा प्रश्न विचारतो. आतापर्यंत ज्यांनी दिलं, त्यांची यादी आहे का तुमच्याकडे? दहातले आठ जण गप्प बसतात.

आपल्या चॅनेलवर मसाले, पापड, डेअरी, टेलरिंगवाले जास्त आहेत. हा विषय आपला नाही असं त्यांना वाटेल, तरी वाचा. नवीन गिऱ्हाईक आणायला किती खर्च येतो आणि जुनं गिऱ्हाईक परत यायला किती कमी, हे तुम्ही रोज गल्ल्यावर बघता. संस्थावाल्यांना हे कुणी सांगतच नाही. ते प्रत्येक वर्षी नवीन दार वाजवत बसतात आणि जुनी दारं तशीच राहतात.

प्लास्टिकच्या पिशवीतली पावती पुस्तकं

बीड जिल्ह्यातली एक संस्था आहे. नाव सांगत नाही, कारण ताईंनी तशीच अट घातली आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी त्या सहा महिन्यांचं वसतिगृह चालवतात. दसऱ्या-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. मग पोरं एक तर म्हाताऱ्या आजीकडे राहतात, नाही तर आई-बापांबरोबर फडावर जातात. फडावर गेलं की शाळा तुटली. ताई अशी चाळीस पोरं ठेवून घ्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या शेवटी त्यांचा फोन आला.

"सर, तुम्ही धंद्याचं शिकवता, मला माहितीय. पण मला दुसरं कुणी सुचेना. पुण्याचे एक साहेब आम्हाला वर्षाला सहा लाख द्यायचे. या वर्षी जमणार नाही म्हणाले."

"एकूण खर्च किती?"

"नऊ."

म्हणजे नऊ लाखांतले सहा लाख एकाच माणसाचे. कुठल्याही उद्योजकाला विचारा, एकाच गिऱ्हाइकावर दोन तृतीयांश धंदा असेल तर रात्री झोप लागते का? पण संस्थेत अशी वेळ आली की सगळे त्याला भाग्य म्हणतात. "आपल्याला एक मोठे दाते मिळालेत!" पेढे वाटतात.

मी रविवारी गेलो. देणगीदारांची यादी मागितली तर ताईंनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. पाच वर्षांची पावती पुस्तकं, कार्बन कॉपीवाली, काही ठिकाणी शाई उडालेली. त्या, मी आणि त्यांची भाची, तिघं जण चार तास बसून मोजत होतो.

पाच वर्षांत ३१२ लोकांनी निदान एकदा तरी पैसे दिले होते. त्यातले दोनदा किंवा जास्त वेळा दिलेले फक्त ४१. बाकीच्या २७१ जणांना पावती दिली, हात जोडले, आणि विषय संपला. सतरा पावत्यांवर तर नावच नव्हतं, 'एक हितचिंतक' एवढंच.

ताई म्हणाल्या, "सर, लोक एकदा देतात, परत देत नाहीत. माणसं बदलली आहेत."

मी विचारलं, "परत मागितलं होतं का?"

"नाही. एकदा दिलेल्याला परत कसं मागायचं? बरं दिसत नाही."

मित्रांनो, हा 'बरं दिसत नाही' आपल्याकडच्या संस्थांचा सगळ्यात महागडा संकोच आहे. अनोळखी माणसापुढे हात पसरायला संकोच नाही, आणि ज्याने विश्वास ठेवून हजार रुपये दिले त्याला फोन करायला संकोच! आणि त्या माणसाला काय वाटतं? ते आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं.

पहिला फोन पैशांसाठी नव्हता

मी ताईंना एकच अट घातली. पहिल्या फोनवर पैसे मागायचे नाहीत. फक्त सांगायचं, तुम्ही अमुक साली इतके रुपये दिले होते, त्या वर्षी आमच्याकडे इतकी मुलं होती, त्यातली इतकी आज दहावीला आहेत. समोरच्याने स्वतः विचारलं, "आता कसं चाललंय?" तर मात्र खरं सांगायचं, लपवायचं नाही.

पहिला फोन अंबाजोगाईच्या एका निवृत्त शिक्षकांना लागला. त्यांनी चार वर्षांपूर्वी एक हजार रुपये दिले होते. ताईंनी नाव सांगितल्यावर पलीकडून पहिलं वाक्य आलं, "अहो ताई, मला वाटलं संस्था बंद पडली."

ताई फोन ठेवून बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तीन आठवड्यांत त्यांनी आणि भाचीने मिळून साधारण दीडशे लोकांशी बोलणं केलं. बाकीचे नंबर लागले नाहीत, बदलले, काही माणसं वारली होती. बोललेल्यांपैकी ५८ जणांनी परत दिलं. एकूण १ लाख ७४ हजार. गावातून ज्वारी-गहू आला तो वेगळा.

आता इथे एखादा मोटिवेशनल स्पीकर तुम्हाला सांगेल की सहा लाखांचा खड्डा भरला. नाही भरला. आधीचे तीन लाख आणि हे पावणेदोन, धरून-बांधून त्या वर्षी चोवीस पोरं ठेवता आली. सोळा पोरं आई-बापांबरोबर फडावर गेली. त्यातली किती परत शाळेत आली, ताईंना तोंडपाठ आहे. मी विचारत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. ज्या वर्षी पैसे लागतात, त्या वर्षी नाती जोडायला निघालात तर उशीर झालेला असतो. पाच वर्षं दरवर्षी दोन फोन झाले असते, तर कदाचित सोळा पोरांची यादी करावी लागली नसती.

महर्षी कर्व्यांची चोवीस वर्षं

देणगी म्हटलं की हल्लीची मुलं क्राउडफंडिंगच्या वेबसाइटपासून सुरुवात करतात. आपल्याकडचा अभ्यास त्याच्या खूप आधीचा आहे.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. १९०० साली तो हिंगण्याला नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संस्थेसाठी पैसे गोळा करत फिरायचे. विधवांचं शिक्षण हा त्या काळात लोकांना न पटणारा विषय, म्हणजे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांचं 'प्रॉडक्ट' विकायला दसपट अवघड. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची मोठी देणगी आली १९२० मध्ये. त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला दिलं, तेच आजचं एसएनडीटी.

आपण गोष्ट सांगताना १५ लाखांपासून सुरू करतो. मला त्याच्या आधीची चोवीस वर्षं महत्त्वाची वाटतात. मोठा दाता आला तेव्हा त्याला बघायला काहीतरी उभं होतं, आणि ते छोट्या-छोट्या रकमांवर उभं राहिलं होतं. आपण मात्र पहिल्या महिन्यात ठाकरसी शोधायला निघतो.

कर्व्यांच्याच संस्थेची आणखी एक गोष्ट मला फार आवडते, ती म्हणजे भाऊबीज निधी. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्ते घरोघर जातात आणि भाऊबीज म्हणून देणगी घेतात. बघा काय केलंय यात. बहिणीला भाऊ दरवर्षी ओवाळणी घालतो, यंदा घातली म्हणून पुढच्या वर्षी चुकवत नाही. रक्कम छोटी असली तरी चालते, कुणी मोजत नाही. दिवस ठरलेला, कारण ठरलेलं, येणारं माणूस ओळखीचं. परत मागताना संकोच वाटायचा प्रश्नच येत नाही, न आलात तर उलट घरचे विचारतील, "या वर्षी कुणी आलं नाही का?" मार्केटिंगवाले ज्याला रिकरिंग मॉडेल म्हणून लाखभर रुपयांच्या कोर्समध्ये शिकवतात, ते हेच.

तुमच्या संस्थेला असा एक दिवस आहे का? ताईंनी ठरवला. टोळ्या निघायच्या आधीचा दसरा. त्यांचे जुने देणगीदार आता दसऱ्याच्या आठवड्यात स्वतःहून विचारतात, "ताई, यंदा किती पोरं?"

रक्कम मागू नका, हिशोब सांगा

ताईंचं जुनं पत्रक मी वाचलं होतं. 'सढळ हाताने मदत करावी' एवढंच त्यात होतं. आता सढळ हात म्हणजे किती? वाचणाऱ्याला कळत नाही, आणि कळत नाही तेव्हा माणूस पत्रक बाजूला ठेवतो.

आम्ही वहीत मांडलं. चाळीस मुलं, सहा महिने, नऊ लाख. म्हणजे एका मुलाला हंगामाचे २२,५०० रुपये. १८० दिवस धरले तर दिवसाला १२५. आणि सगळ्या वसतिगृहाचा एक दिवस ५,००० रुपये.

हे तीन आकडे हातात आल्यावर ताईंचं बोलणंच बदललं. नातवाचा वाढदिवस असलेल्या आजोबांना ५,००० चा दिवस सांगता येतो. नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलीला महिन्याला ३०० रुपये सांगता येतात. असे शंभर जण जमले तर वर्षाचे ३ लाख ६० हजार होतात, आणि त्यातले दहा गळाले तरी वसतिगृह बंद पडत नाही. यूपीआय ऑटोपे लावून घेतलं की दर महिन्याला आठवण करायची गरज नाही. पण एक सांगतो, ऑटोपे लावलं म्हणून बोलणं बंद करू नका. पैसे आपोआप कटतात आणि माणूस विसरतो, मग एक दिवस बँकेचा मेसेज बघून म्हणतो, "हे काय चालू आहे?" आणि बंद करतो.

यूपीआयचा आणखी एक घोळ आहे. क्यूआर कोडवर पैसे आले की खात्यात नुसतं नाव दिसतं, अनेकदा मोबाइल नंबर मिळत नाही. म्हणजे डिजिटल जमान्यातही परत 'एक हितचिंतक'! म्हणून क्यूआरच्या खाली ठळक लिहा: 'पावतीसाठी स्क्रीनशॉट या नंबरवर व्हॉट्सॲप करा.' स्क्रीनशॉट आला की नंबर आला.

धन्यवाद लवकर, बातमी खरी

मी स्वतः एका संस्थेला पाच हजार दिले होते. पावती आली, ठीक. त्यानंतर अकरा महिने काही नाही. बाराव्या महिन्यात कुरियरने गुळगुळीत कागदाचं कॅलेंडर आणि सोबत देणगीचा फॉर्म. मी त्या कॅलेंडरचा आणि कुरियरचा खर्च मनात मोजला, सवय आहे ना. परत दिले नाहीत. माझा संस्थेवर राग नाही, पण माझ्या पाच हजारांचं काय झालं हे मला आजही माहीत नाही.

देणगी आली की दोन दिवसांच्या आत आभार गेले पाहिजेत. व्हॉट्सॲपवर चालेल, पण फॉरवर्ड केलेली गुलाबाची फुलं नकोत. ताईंची भाची असं लिहिते:

'कुलकर्णी काका, नमस्कार. तुमचे १,५०० रुपये आज मिळाले. बारा दिवसांचा एका मुलाचा खर्च यातून होईल. पावती सोबत पाठवतेय. संक्रांतीला मुलांची खबरबात कळवते.'

आणि संक्रांतीला खरंच कळवते. मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यात तारीख आहे. तारीख पाळली की माणूस तुमच्यावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवतो.

खबरबात म्हणजे नुसती कौतुकाची नको. दुसऱ्या वर्षी ताईंनी सगळ्यांना कळवलं की ३१ मुलं आली होती, त्यातली तीन मध्येच निघून गेली. दोघांच्या आईचं दुखणं, एकाला करमेना. हे लिहू का नको, यावर त्यांच्या विश्वस्तांत वाद झाला होता. "लोक म्हणतील यांना पोरं सांभाळता येत नाहीत." मी म्हटलं, लिहा. त्या मेसेजला नेहमीपेक्षा जास्त उत्तरं आली. एका काकांनी विचारलं, "करमत नाही त्याच्यासाठी कॅरम पाठवू का?" पाठवला. दोन पाठवले.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीला मीच सल्ला दिला होता की पोरांचे चेहरे दिसतील असं पोस्टर करा, लोकांच्या मनाला भिडतं. पोस्टर झालं, व्हॉट्सॲपवर फिरत-फिरत साताऱ्याकडच्या एका फडावर पोहोचलं. एका मुलाच्या वडिलांनी ताईंना फोन केला, "आम्ही कोयता चालवून खातो. आमच्या पोराला भिकेला कशाला लावलं?" ते पोस्टर ताईंनी त्याच दिवशी काढलं, पण व्हॉट्सॲपवरून काय निघतं का? मी फोनवर त्या वडिलांची माफी मागितली. मुलगा त्या वर्षी वसतिगृहात राहिला, पण वडील आजही ताईंशी मोजकंच बोलतात. तेव्हापासून चेहरे नाहीत. वही, भाकरीची चळत, भिंतीवर पोरांनी काढलेला बैल, एवढंच जातं. कुणाचा फोटो टाकायचाच असेल तर आई-बापांना विचारून, आणि कीव येईल असा मुळीच नाही.

पावती आणि कायदा: इथे ढिलाई नको

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलात तर नातं एका फटक्यात तुटतं. देणगीदाराला आयकराची नोटीस तुमच्यामुळे आली, तर तो परत फोन उचलणार नाही.

८०जी असलेल्या संस्थेला रोख देणगी दिली आणि रक्कम २,००० रुपयांच्या वर असेल, तर देणाऱ्याला करात सूट मिळत नाही. हे घेतानाच सांगा, मार्चमध्ये नको. वर्षभरात आलेल्या देणग्यांचं विवरण संस्थेने पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरायचं असतं, तो फॉर्म १०बीडी. त्यातून देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं, १०बीई. तुमची छापील पावती आता सूट मिळायला पुरत नाही, हे प्रमाणपत्र लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी आहे. यासाठी देणगीदाराचा पॅन किंवा आधार लागतो, म्हणून देणगी घेतानाच विचारा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, तेव्हा ताजे नंबर आपल्या सीएकडून घ्या.

आणि एक गोष्ट जी फार कमी संस्थांच्या लक्षात आली आहे. २०२३-२४ पासून नवी कर प्रणाली हीच मूळ पद्धत झाली आहे. ज्याने ती ठेवली, त्याला ८०जीची सूट मिळतच नाही. म्हणजे 'टॅक्स वाचवा, देणगी द्या' ही मार्चमधली जाहिरात अनेक पगारदारांच्या आता काही कामाची नाही. मी तर म्हणतो बरं झालं. टॅक्ससाठी देणारा माणूस टॅक्स बदलला की जातो.

'एक हितचिंतक' वाल्या सतरा पावत्या आठवतात? निनावी देणग्या ठरावीक मर्यादेच्या वर गेल्या की सेवाभावी ट्रस्टला त्यावर ३० टक्के कर बसतो. दानपेटी असेल तर सीएशी बोलून ठेवा. ज्यांची अजून नोंदणीच नाही आणि वर्गणी गोळा करायची आहे, त्यांनी महाराष्ट्रात आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची ४१सी खाली परवानगी बघा. गणेश मंडळवाल्यांना हे चांगलं माहीत असतं, एनजीओवाल्यांनाच नसतं.

मग परदेशातले नातेवाईक. "सर, माझा मामेभाऊ न्यू जर्सीला आहे, तो पाठवतो म्हणतोय." थांबा. भाऊ अजून भारतीय नागरिक असेल आणि आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकेच्या मार्गाने पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी झाली. त्यासाठी एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. म्हणून विचारायचं ते 'कुठे राहतोस' नाही, 'पासपोर्ट कुठला' हे. नात्यातला माणूस आहे म्हणून विचारायला अवघड वाटतं, पण विचारा.

सीएसआरबद्दल इथे जास्त लिहीत नाही. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो, त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. काल नोंदणी झालेल्या संस्थेने सीएसआरच्या मागे धावू नये, एवढंच.

ताईंची वही

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, असं विचारू नका. ताईंकडे आजही दोनशे पानी वही आहे, भाची तीच एक्सेलमध्ये उतरवते. रकाने साधे आहेत. नाव, गाव, मोबाइल, पॅन, पहिली देणगी कधी, शेवटची कधी, कुणाच्या ओळखीने आले. एक रकाना 'काय बोलणं झालं' असा आहे. त्यात मजेशीर नोंदी असतात: 'मुलीचं लग्न मे महिन्यात, तोवर फोन नको', 'पैशांपेक्षा वह्या द्यायला आवडतात', 'आवाज मोठा ठेवून बोलणे'. आणि शेवटचा रकाना 'पुढचं बोलणं कधी'. तो रिकामा ठेवायचा नाही, हा भाचीचा नियम.

हा शेवटचा रकाना पापड विकणाऱ्यांनीसुद्धा आपल्या वहीत आजच आखून घ्या.

जे देऊ शकत नाहीत त्यांचीही नोंद ठेवा. एका रिक्षावाल्या दादांनी दोनशे रुपये दिले होते, परत जमलं नाही. पण त्यांनी ताईंना तीन देणगीदार आणून दिलेत. रकमेवरून माणसाला छोटा-मोठा ठरवलं असतं तर त्यांना फोनच गेला नसता.

मागच्या हंगामात वसतिगृहात ३८ पोरं होती. महिन्याला देणारे ८३ जण आहेत. किराणावाल्याची जुनी उधारी दुसऱ्या वर्षी फिटली.

आणि पुण्याचे ते साहेब? त्यांनाही दर संक्रांतीला खबरबात जात होती, देणगी बंद असतानाही. या वर्षी त्यांचा फोन आला, परत सहा लाख देतो म्हणाले. ताईंनी मला विचारलं, "घेऊ का?"

मी म्हटलं, घ्या की! पण चालू खर्चात एका माणसाचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. उरलेले कायमनिधीला मागा. कायमनिधीसाठी देतोय, असं देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं, ते आठवणीने घ्या. साहेबांनी दोन लाख चालू खर्चाला आणि चार लाख कायमनिधीला दिले. पत्र मीच ड्राफ्ट करून दिलं, त्याचा नमुना आणि ताईंच्या वहीचे रकाने दोन्ही या विषयाच्या व्हिडिओखाली ठेवलेत, उतरवून घ्या.

तुमच्या पावती पुस्तकात किती नावं निघाली आणि त्यातली दोनदा दिलेली किती, तेवढे दोन आकडे मला कळवा. येत्या रविवारी लाइव्ह आहे, त्यातले काही आकडे घेऊन बसू.